वाटेवरची राज्ये : घाना आणि गोपकपट्टण

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राज्ये बहुधा लढाईने उभी राहतात आणि लढाईनेच लयास जातात. विद्यार्थी राजांची नावे व सनावळी मुखोद्गत करतो. पण त्या राजाच्या सैन्यास पोसणारा पैसा कोठून आला, हा साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न दोन राज्यांना विचारणार आहोत. त्यांपैकी एक पश्चिम आफ्रिकेतील घाना आणि दुसरे आपल्याच गोव्यातील कदंबांचे राज्य. एकमेकांचे नावही न ऐकलेली ही दोन राज्ये अकराव्या शतकात एकाच वेळी भरभराटीस आली होती. घानाच्या राजाच्या मुख्य प्रदेशात सोन्याची खाण नव्हती, तरी अरब लेखक त्याच्या राज्यास ‘सोन्याचा देश’ म्हणत. गोव्याच्या भूमीतही सोने निघत नाही, तरी कदंब राजांनी सोन्याची सुरेख नाणी पाडली. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू या.

वाळवंटाच्या काठावरील राज्य

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या आजच्या घाना देशाने प्राचीन घानाचे केवळ नाव धारण केले आहे. प्राचीन घाना तेथून पुष्कळ दूर वायव्येस, आजच्या मॉरिटानिया व माली या देशांच्या सीमाभागात होते. त्याचे संस्थापक सोनिंके नावाचे लोक. आठव्या शतकाच्या अखेरीस अरब लेखकांना त्याचे नाव ठाऊक झालेले दिसते. राज्य अर्थातच त्याहून जुने असले पाहिजे.

या प्रदेशाच्या उत्तरेस सहाराचे अफाट वाळवंट पसरले आहे. दक्षिणेस पाऊस, गवत, नद्या आणि पुढे अरण्य. वाळवंटात मिठाचे थर सापडतात. दक्षिणेस सेनेगल व नायजर या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत सोने सापडते. उष्ण प्रदेशात अंगमेहनत करणाऱ्या माणसास मिठावाचून चालत नाही, आणि दक्षिणेकडील लोकांना मीठ दुर्मिळ होते. उलट उत्तरेकडील राज्यांना नाणी पाडण्यासाठी सोने हवे होते. एकाची गरज ती दुसऱ्याची विपुलता. व्यापाराचा जन्म अशाच ठिकाणी होतो.

अडचण होती ती मधल्या वाळवंटाची. ती उंटाने सोडविली. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या काही शतकांत सहारात उंटाचा वापर वाढला आणि अनेक दिवस पाण्यावाचून चालणाऱ्या या प्राण्याच्या पाठीवर मिठाच्या लाद्या दक्षिणेस येऊ लागल्या. परंतु दक्षिणेकडील दमट प्रदेशात उंट टिकत नाही. तेथे माल उतरवून गाढवांच्या पाठीवर, माणसांच्या डोक्यावर किंवा नदीतील होड्यांत चढवावा लागे. घानाचे राज्य नेमके या सांध्यावर उभे होते. व्यापाऱ्यास विसावा, पाणी, भाषा जाणणारा दुभाषी आणि मालाचे रक्षण या चारही गोष्टी त्याच ठिकाणी लागत, आणि त्या पुरविणारा तेथला राजा होता.

कोर्दोव्हा येथील अल-बक्री या भूगोलवेत्त्याने १०६८ साली घानाचे वर्णन लिहिले. तो स्वतः तेथे गेला नव्हता. जाऊन आलेल्यांकडून व जुन्या लेखांतून त्याने माहिती मिळविली. तो सांगतो की, मिठाने लादलेले गाढव राज्यात शिरताना राजा एक दिनार सोने जकात घेई, आणि तेच मीठ राज्याबाहेर जाताना दोन दिनार घेई. विद्यार्थ्यांनी या दोन आकड्यांवर थोडा विचार करावा. मीठ आपल्या देशात यावे ही प्रजेची गरज. म्हणून येणाऱ्या मालावर हलकी जकात. तेच मीठ पुढे सोन्याच्या मुलुखात गेले की त्याचे मोल कितीतरी वाढे. म्हणून जाणाऱ्या मालावर दुप्पट.

दुसरा नियम अधिक चतुर होता. खाणीत सापडलेले सोन्याचे गोळे राजाचे आणि सोन्याची भुकटी लोकांची. सारे सोने बाजारात आले असते तर त्याचे मोल मातीएवढे झाले असते, असे कारण अल-बक्री देतो. अर्थशास्त्राचा ग्रंथ न वाचता पुरवठा आणि किंमत यांचा संबंध या राज्यकर्त्यांनी ओळखला होता.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट नमूद आहे. घानाची राजधानी म्हणजे दोन नगरे होती. एकात राजा राहत असे. तो आपल्या पूर्वजांचा धर्म पाळी. सुमारे सहा मैलांवरील दुसऱ्या नगरात मुसलमान व्यापारी राहत आणि तेथे बारा मशिदी होत्या. राजाचे दुभाषे, खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते. ज्यांना लिहिता येते, हिशेब ठेवता येतो आणि दूरदेशीच्या व्यापाऱ्यांशी बोलता येते, त्यांना राजाने धर्म न पाहता जवळ केले.

कदंबांचे बंदर व घाट

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. येथे वाळवंट नाही, पण सांधा मात्र तसाच आहे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि मध्ये गोव्याची अरुंद पट्टी. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी या नद्यांतून भरतीचे पाणी दूरवर आत शिरते. समुद्रावरील जहाज नदीमुखाशी थांबे. माल होड्यांत उतरे. होड्या भरतीबरोबर आत येत. आणि जेथे नदी उथळ होई तेथून माल बैलांच्या पाठीवर चढून घाटाची वाट धरी. आपल्या डिचोलीस, जिला आमच्या कोकणी बोलीत दिवचल म्हणतात, आणि शेजारच्या साखळीस महत्त्व आले ते या रचनेमुळे. डिचोलीच्या पलीकडे सत्तरीतून चोर्ला घाट बेळगावच्या पठारावर चढतो. पेडण्याच्या बाजूने सावंतवाडीच्या मुलुखातून रामघाटाची वाट त्याच पठारास जाते. वाळवंटाच्या कडेस उंटाकडून गाढवाकडे माल जाई. आपल्याकडे तो होडीतून बैलाच्या पाठीवर जाई.

गोव्याचे कदंब आरंभी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, येथून राज्य करीत. अकराव्या शतकात त्यांनी जुवारीच्या मुखाजवळील गोपकपट्टण ही राजधानी केली. आजचे गोवा वेल्हा हे गाव त्याच परिसरात आहे. नदीतील आतल्या गावाहून समुद्रास जवळ असलेल्या बंदरात राजधानी हलविणे, यावरूनच या राजांचे लक्ष कोणीकडे लागले होते ते ध्यानात येते.

पण केवळ बंदर हाती असून भागत नाही. बंदरात उतरलेला माल घाटावर गेला नाही तर तो तेथेच कुजतो. कदंबांच्या शिलालेखांत त्यांच्या राज्याचे दोन भाग येतात : घाटाखालचे कोंकण ९०० आणि घाटावरील पलसिगे १२,०००. पलसिगे म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले हलशी. घाटाची दोन्ही टोके, वरचे आणि खालचे, एकाच राजघराण्याच्या हाती होती. व्यापाऱ्यास मधल्या वाटेवर दुसऱ्या कोणाची भीती उरली नाही. शिवाय घाटावरील प्रबळ चालुक्यांशी कदंबांनी सोयरीक जोडली होती. सहाव्या विक्रमादित्याची कन्या मैलालदेवी दुसऱ्या जयकेशीस दिली होती. ‘कोंकणचक्रवर्ती’ हे कदंबांचे बिरुद वाचताना त्यामागे ही घाटवाटांची व्यवस्था उभी आहे, हे विसरू नये.

पहिल्या जयकेशीच्या काळचा, अकराव्या शतकाच्या मध्याचा एक ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यातील वृत्तान्त असा : कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता जहाजाची डोलकाठी मोडली आणि त्यास गोव्याच्या बंदराचा आश्रय घ्यावा लागला. त्या प्रसंगी मदुमद नावाच्या एका अरब वंशाच्या व्यापाऱ्याने राजास साहाय्य केले. पुढे या मदुमदाच्या नातवास जयकेशीने कारभारात मोठे स्थान दिले, आणि त्याने स्थापिलेल्या धर्मादाय संस्थेच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर ठरावीक आकार बसविण्यास मान्यता दिली. सोमनाथाचा भक्त असलेला राजा मुसलमान व्यापाऱ्याच्या घराण्याकडे कारभार सोपवितो, आणि त्याच सुमारास सहाराच्या काठावर घानाचा राजा आपला खजिना मुसलमान मंत्र्याच्या हाती देतो, हे साम्य आम्हांस फार बोलके वाटते. दोघांनीही परस्परांचे अनुकरण केलेले नाही. व्यापाराची वाट ज्यांच्या दारावरून जाते त्यांना परक्याशी विश्वासाने वागावेच लागते, एवढाच त्याचा अर्थ.

या विश्वासाचे फळ म्हणजे कदंबांची सुवर्णनाणी. ‘गद्याणक’ नावाच्या या नाण्यांचे वजन चार ग्रॅमहून थोडे अधिक भरते. त्यांवर सिंहाची मुद्रा आहे आणि अनेक नाण्यांवर श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेला आहे. हे सप्तकोटीश्वराचे देवस्थान मुळात दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे आपल्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. गोव्यात सोने निघत नव्हते. ते मालाच्या मोबदल्यात समुद्रावरून व घाटावरून येत होते. त्या सोन्यावर आपल्या कुलदैवताचे नाव कोरून कदंबांनी जणू व्यापाऱ्यास हमी दिली की, हे नाणे खरे आहे.

दोन्ही देश पाहिलेला प्रवासी

एकच मनुष्य या दोन्ही प्रदेशांत जाऊन आला, ही इतिहासातील एक मौजेची गोष्ट होय. मोरोक्कोचा इब्न बतूता १३४० नंतरच्या काही वर्षांत गोव्यास आला. अरब लोक गोव्यास ‘सिंदाबूर’ म्हणत. हे नाव चंद्रपूर या नावावरून आले असावे, असे अभ्यासक मानतात. या बेटावर छत्तीस गावे आहेत, ओहोटीस भोवतालचे पाणी गोड व भरतीस खारे असते, आणि मध्यभागी दोन नगरे आहेत, एक जुने हिंदूंचे व दुसरे मुसलमानांनी वसविलेले, असे त्याने लिहिले आहे. पाण्याविषयीचे त्याचे निरीक्षण आपल्या नद्यांकाठच्या कोणत्याही मुलास पटेल.

पुढे १३५२ साली तो सहारा ओलांडून मालीस गेला. घानाचे वैभव तोवर ओसरले होते. सुमारे १२३५ साली सुंदियाता या वीराने मालीच्या साम्राज्याचा पाया घातला होता, आणि सोन्याच्या खोऱ्यांपासून नायजरच्या काठापर्यंतचा मुलूख एका छत्राखाली आला होता. त्याच वंशातील मन्सा मूसा १३२४ साली मक्केच्या यात्रेस जाताना कैरोत उतरला. त्याने तेथे एवढे सोने वाटले की सोन्याचा भाव उतरला, आणि पुढे कित्येक वर्षे तो सावरला नाही. इब्न बतूताने मालीतील काही चालीरीतींवर टीका केली, पण तेथील निर्भयतेची स्तुती केली. प्रवाशास चोराचिलटांचे भय नाही. परदेशी मनुष्य वारला तर त्याच्या मालमत्तेस हात न लावता खरा वारस येईपर्यंत ती विश्वासू माणसाकडे ठेवतात, असे तो सांगतो. राज्याच्या श्रीमंतीचे याहून चांगले स्पष्टीकरण आम्हांस ठाऊक नाही.

तथापि चित्राची काळी बाजू झाकून ठेवणे शिक्षकास शोभणार नाही. सहारातील तगाझा येथील मिठाच्या खाणींत गुलाम राबत. तेथील घरे मिठाच्या लाद्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्याची होती. भोवती झाडही नव्हते. मालीहून परतताना इब्न बतूता ज्या काफिल्याबरोबर आला त्यात सुमारे सहाशे दासी विक्रीस नेल्या जात होत्या. पुढे पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतील गुलाम गोव्याच्या बाजारातही आले. वाटेवरून मीठ आणि सोने जाते तशी माणसेही जातात. साम्राज्याच्या वैभवाचे वर्णन वाचताना त्या वैभवाचे ओझे कोणाच्या डोक्यावर होते, हे विचारलेच पाहिजे.

वाट बदलते तेव्हा

वाटेवर उभे राहिलेले राज्य वाट बदलली की टिकत नाही. मालीनंतर सोंघाय राज्य प्रबळ झाले. त्याचा राजा सुन्नी अली याने १४६८ साली तिंबक्तू घेतले. परंतु त्याच सुमारास पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस सरकत होती. १४८२ साली त्यांनी आजच्या घाना देशाच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे किल्ला बांधला. सहारा ओलांडून उत्तरेस जाणाऱ्या सोन्याचा काही भाग आता किनाऱ्याकडे वळला. १५९१ साली मोरोक्कोच्या बंदूकधारी सैन्याने सोंघायचा पराभव केला आणि या साम्राज्यांची परंपरा खंडित झाली.

गोव्याच्या बाबतीतही असेच घडले. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या सैन्यांच्या स्वाऱ्यांनी कदंबांचे राज्य मोडले. गोपकपट्टणचे बंदर गाळाने भरत गेले आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा या ठिकाणी सरकला. या बंदरासाठी विजयनगर व बहमनी झगडले, कारण अरबस्तानातून येणारे घोडे येथे उतरत; १४७२ साली महमूद गवानाने ते बहमनींसाठी जिंकले. शेवटी १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने ते घेतले. ज्या दर्यावर्दी सत्तेने आफ्रिकेतील सोन्याची वाट वळविली, तिनेच अठ्ठावीस वर्षांनी आपले बंदर हस्तगत केले. पाठ्यपुस्तकात हे दोन निरनिराळ्या धड्यांत येते. वस्तुतः ती एकच हकीकत आहे.

आपले दोन तालुके

१५१० नंतरही डिचोली व पेडणे पोर्तुगीजांकडे लगेच गेले नाहीत. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या राज्यास कायमचे जोडले गेले. म्हणूनच या भागास ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. त्यापूर्वी आणि त्यानंतरही आपल्या वाटा चालूच होत्या. पेडण्यातील आगरवाडा या गावाचे नावच मिठाच्या आगरावरून पडले आहे. किनाऱ्यावरील मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर जाई आणि घाटावरचे धान्य खाली येई. १८७८ च्या तहाने गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री यांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मिठागरांच्या धंद्यास मोठा धक्का बसला. मीठ तेच होते, मिठागरेही तीच होती. जकातीचे नाके तेवढे दुसऱ्याच्या हाती गेले होते.

विसाव्या शतकात डिचोलीच्या डोंगरातील लोहखनिज बार्जांतून मांडवीच्या पाण्यावरून मुरगाव बंदरास जाऊ लागले. २०१२ साली खाणकाम एकाएकी थांबले, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्या घरांवर काय प्रसंग ओढवला, हे डिचोलीच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगावयास नको. एकाच मालावर आणि एकाच वाटेवर सारा भार टाकणाऱ्यास घानाचा इतिहास बरेच काही शिकवू शकतो. पेडण्यात मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. पूर्वी शापोऱ्याच्या मुखाशी माल वाहन बदलीत असे. आता प्रवासी आणि माल पेडण्याच्या पठारावर वाहन बदलतात. हाही एक नवा सांधाच आहे. त्याचा लाभ येथील प्रजेस होणार, की येथील प्रजा केवळ ओझे वाहणार, या प्रश्नाचे उत्तर विमानतळाच्या इमारतीत सापडणार नाही. आपल्या तरुणांजवळ कोणते कौशल्य, कोणत्या भाषा आणि कोणता प्रामाणिकपणा आहे, यावर ते अवलंबून राहील. घानाच्या राजास दुभाषा व खजिनदार बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांतून घ्यावे लागले. आपल्या तालुक्यातील मुलांनी स्वतःच दुभाषे आणि खजिनदार होण्याची पात्रता मिळवावी.

विद्यार्थ्यांसाठी काम

१. आफ्रिकेच्या नकाशात सहारा, नायजर नदी, तिंबक्तू व एल्मिना दाखवा. शेजारी गोव्याचा नकाशा काढून त्यात चांदर, गोवा वेल्हा, नार्वे, डिचोली, पेडणे, हलशी आणि चोर्ला घाट दाखवा. दोन्ही नकाशांत माल वाहन बदलतो ती स्थळे तांबड्या शाईने खुणा करून दाखवा.

२. घानाच्या राजाने येणाऱ्या मिठावर दोन दिनार आणि जाणाऱ्या मिठावर एक दिनार घेतला असता तर प्रजेवर काय परिणाम झाला असता? दहा ओळींत लिहा.

३. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून आपल्या गावातून घाटावर जाणारी जुनी पायवाट कोणती, तिच्यावरून काय जाई व काय येई, आणि विसाव्याची ठिकाणे कोणती होती, हे टिपून ठेवा.

यांपैकी तिसरे काम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. अल-बक्रीने ज्यांना विचारून घानाचा वृत्तान्त लिहिला, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. तरी त्यांनी सांगितले म्हणून एक राज्य विस्मृतीतून वाचले. रामघाटाने किंवा चोर्ल्याने बैल हाकलेल्या माणसांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, अशी माणसे आपल्या गावांतून झपाट्याने कमी होत आहेत. ती आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून त्यांचे सांगणे वहीत उतरवून घ्यावे. पुढील वर्षीच्या अंकासाठी अशी टिपणे आली, तर ती छापून देण्यास आम्हांस आनंद वाटेल.